रसग्रहणाची वही : रत्नागिरीतील एका इंग्रजी लेखनवर्गाविषयी

माझी मुलगी गेल्या वर्षी बारावीला होती. जूनपासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत ती दर शनिवारी आणि रविवारी दुपारी रत्नागिरीत, थिबा पॅलेसच्या बाजूला एका घराच्या पडवीत भरणाऱ्या इंग्रजी लेखनाच्या वर्गाला जात होती. मी स्वतः पावसच्या बाजूच्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. त्यामुळे फी भरणारी पालक म्हणून या वर्गाकडे माझे लक्ष होतेच, शिवाय सरांची परवानगी घेऊन दहा-बारा रविवार मी मागच्या सतरंजीवर बसून पूर्ण वर्ग पाहिला. सर कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त झालेले आहेत. वर्गाला पाटी नाही, जाहिरात नाही, आणि आपले नाव छापून यावे अशी त्यांची इच्छा नाही, म्हणून मीही ते लिहीत नाही. परंतु आमच्या भागातले अनेक पालक मला या वर्गाबद्दल विचारतात, आणि दरवेळी फोनवर तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटले.

त्याआधी मुलगी अकरावीत असताना तिला आम्ही दुसऱ्या एका वर्गाला घातले होते. तिथे कवितेचे रसग्रहण लिहून देत असत. ‘देत असत’ हा शब्द मी शब्दशः वापरते आहे. फळ्यावर तयार परिच्छेद लिहिला जाई, मुले तो उतरवून घेत आणि पाठ करत. कवीचे नाव, विषय, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना आणि शेवटी ‘मला ही कविता फार आवडली, कारण ती प्रेरणादायी आहे’ हे वाक्य ठरलेले. वर्षाच्या शेवटी मी मुलीची वही चाळली तेव्हा निरनिराळ्या कवींच्या कवितांवर तेच एक वाक्य सात ठिकाणी आढळले. मला त्या वर्गाचा राग आला खरा, पण त्याहून जास्त अस्वस्थ वाटले ते या विचाराने की माझ्या शाळेत दहावीच्या मुलांना मीही थोड्याफार फरकाने हेच करायला सांगत होते.

बारावीच्या इंग्रजीच्या लेखी परीक्षेच्या ८० गुणांपैकी गद्याला ३४, पद्याला १४, लेखनकौशल्यांना १६ आणि कादंबरीच्या विभागाला १६ गुण आहेत. उरलेले २० गुण तोंडी परीक्षेचे. रसग्रहणाला स्वतंत्रपणे मिळतात ते फक्त ४ गुण. चार गुणांसाठी कोण वेळ घालवणार, असा हिशेब शिक्षकही करतात आणि पालकही. सरांच्या वर्गाचे वेगळेपण असे की तिथे या चार गुणांच्या प्रश्नापासून सगळ्या लेखनाची सुरुवात होते. एखाद्या ओळीबद्दल स्वतःचे म्हणणे मांडून त्याला त्या ओळीतलाच पुरावा द्यायला जो शिकला, त्याला सारांश लिहिणे, आपले मत मांडणे, कादंबरीतल्या पात्राविषयी उत्तर लिहिणे हे निराळे शिकवावे लागत नाही, असे त्यांचे मत आहे. हे मत मला सुरुवातीला धाडसाचे वाटले होते. आता ते बऱ्याच अंशी पटले आहे.

वर्गाचा क्रम साधा आहे. नव्या कवितेचा एक कागद मिळतो, त्यावर कवीचे नाव नसते आणि शीर्षकही नसते. १९२०च्या दशकात केंब्रिजमध्ये इंग्रजी समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना अशाच निनावी कविता वाचायला देऊन त्यांचे अभिप्राय गोळा केले होते, हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितले. पाठ्यपुस्तकातली कविता असली तर मुलांना ती ओळखू येते, हे उघड आहे, पण तरीही उपयोग होतो, कारण कवीचे चरित्र लिहून अर्धे पान भरण्याची वाट बंद होते. कागद मिळाल्यावर पंधरा मिनिटे कोणीही बोलायचे नाही. कच्च्या वहीत निदान तीन वाक्ये लिहायची, मराठीत लिहिली तरी चालतील. कविता समजावून सांगणे त्यानंतर सुरू होते, आणि तेही मुलांनी लिहिलेल्या वाक्यांवरूनच.

कच्ची वही दोन रकान्यांची असते. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. डावीकडच्या वाक्याचे भाषांतर उजवीकडे करायचे नाही, तर जे म्हणायचे आहे ते इंग्रजीत किती म्हणता येते ते पाहायचे आणि जिथे अडते तिथे जागा मोकळी सोडून खूण करायची. हा रकाना पाहताना मला ‘दर्पण’ची आठवण झाली. आपल्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मराठीतले ते पहिले वृत्तपत्र काढले, तेही मराठी आणि इंग्रजी अशा दोन शेजारशेजारच्या स्तंभांत. दोन भाषा एकमेकींच्या शेजारी बसवून विचार करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मधल्या काळात वर्गात मराठी बोलले की दंड, अशा पाट्या लावून आम्हीच ती घालवली.

आता तो रविवार सांगते, ज्या दिवशी या वर्गाबद्दल माझा निर्णय झाला. दिलीप चित्रे यांची ‘फादर रिटर्निंग होम’ ही कविता २०२० साली आलेल्या बारावीच्या ‘युवकभारती’ या इंग्रजी पाठ्यपुस्तकात आहे. मुंबईच्या लोकलने रात्री घरी परतणारे वृद्ध वडील, भिजलेले कपडे, चिखलाचे डाग पडलेला काळा रेनकोट, घरी आल्यावर पचपचीत चहा आणि शिळी चपाती, आणि त्यांच्याशी काहीही बोलू न इच्छिणारी मुले, असा तिचा ऐवज. गाइडमध्ये या कवितेसाठी ‘एलिअनेशन’, म्हणजे परकेपणा, हा एक शब्द ठरलेला आहे आणि माझ्या मुलीने तोच लिहिला होता. सरांनी तिला एवढेच विचारले की हा शब्द कवितेतल्या कुठल्या वस्तूत दिसतो, त्या वस्तूवर बोट ठेव. तिने बराच वेळ कागद न्याहाळला आणि शिळ्या चपातीवर बोट ठेवले. घरात माणसे असताना शिळी चपाती एकट्याने खावी लागते, एवढे तिला बोलता आले. कच्च्या वहीत डावीकडे तिने लिहिले, ‘बाबा घरी आले, पण घरी पोहोचले नाहीत.’ उजव्या रकान्यात ‘येणे’ आणि ‘पोहोचणे’ यांतला फरक इंग्रजीत कसा आणायचा यावर ती तीन दिवस अडून बसली होती, जेवतानासुद्धा मला विचारत होती. शेवटी तिने जे वाक्य लिहिले ते फार डौलदार नव्हते, पण ते तिचे होते.

त्याच कवितेत वडील गाडीतून उतरतात तेव्हा कवी त्यांना लांबलचक वाक्यातून गळून पडलेल्या शब्दाची उपमा देतो. आम्ही शिक्षक इथे काय करतो ते मला ठाऊक आहे. ‘लाइक’ हा शब्द दिसला, सिमिली सापडली, खाली रेघ मारली आणि पुढच्या ओळीकडे गेलो. सरांनी फळ्यावर चार चौकोन आखले आणि त्यांत आपल्या मराठी व्याकरणातलेच चार शब्द लिहिले : उपमेय, उपमान, साम्यवाचक शब्द, साधारण धर्म. हे चारही शब्द मुलांनी आठवी-नववीपासून पाठ केलेले आहेत, पण इंग्रजीच्या तासाला त्यांची गरज पडेल असे कोणी त्यांना सांगितलेले नाही. पहिले तीन चौकोन दोन मिनिटांत भरले. चौथा वीस मिनिटे रिकामा राहिला. शब्द लहान असतो आणि वाक्य मोठे असते, असे एकीने सुचवले. वाक्यातून सुटलेल्या शब्दाला नेमका अर्थ उरत नाही, असे दुसरी म्हणाली आणि सरांनी ते मान्य करून चौकोनाच्या बाहेर लिहून ठेवले. मग लांज्याकडून येणारा एक मुलगा, ज्याचे वडील मुंबईत नोकरीला आहेत आणि गणपतीला आणि शिमग्याला तेवढे घरी येतात, उठून म्हणाला, “सर, शब्द गळला तरी वाक्य थांबत नाही. गाडीपण पुढे जाते.”

पडवीत क्षणभर कोणीच बोलले नाही. सरांनी शाबासकी दिली नाही. “हे आत्ता लिही, मग विसरशील,” एवढेच ते त्याला म्हणाले. आणि सगळ्यांना घरी लिहून आणायला एक प्रश्न दिला : गळलेल्या शब्दाची उणीव वाक्याला भासते का, आणि कवितेतल्या मुलांना वडिलांची भासते का. मी अनेक वर्षे इंग्रजी शिकवते आहे, आणि अलंकार ओळखणे आणि अलंकार वाचणे यांतले अंतर त्या दिवशी मला प्रत्यक्ष डोळ्यांसमोर दिसले. ‘साधारण धर्म’ हा शब्द या कामासाठी इंग्रजी पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा धारदार आहे, कारण साम्य आहे एवढे सांगून तो थांबू देत नाही, साम्य नेमके कशात आहे ते विचारतो. त्यानंतरच्या आठवड्यात मी माझ्या दहावीच्या वर्गात तेच चार चौकोन आखले.

वह्या तपासण्याची पद्धतही सांगण्यासारखी आहे, कारण पालकांचा पहिला आक्षेप इथेच येतो. पहिल्या खर्ड्यावर सर व्याकरणाची एकही चूक दाखवत नाहीत. पेन्सिलीने समासात दोन-तीन प्रश्न लिहितात : हे कशावरून म्हणतोस, कोणत्या ओळीत आहे, याच्या उलट कोणी म्हटले तर काय उत्तर देशील. दुसऱ्या खर्ड्यात फक्त दोन प्रकारच्या चुका धरतात, आणि त्या कोणत्या ते प्रत्येक मुलाचे वेगळे असते. मराठीत आर्टिकल (a, an, the) नसल्यामुळे आपल्या मुलांच्या इंग्रजीत ते एक तर गळते किंवा नको तिथे येते, म्हणून बहुतेकांची पहिली दुरुस्ती तीच असते. माझ्या मुलीच्या बाबतीत काळाचा घोळ होता, कवितेविषयी लिहिताना ती एकाच परिच्छेदात भूतकाळातून वर्तमानात आणि पुन्हा मागे जात असे. तिसरा खर्डा पक्क्या वहीत जातो. ऑगस्टमध्ये एका पालकांनी वही आणून सरांना दाखवली, की तुम्ही इतक्या चुका तशाच सोडल्या आहेत. सरांनी त्यांना जून आणि ऑगस्टचे खर्डे शेजारी ठेवून दाखवले. ते गृहस्थ समाधान होऊन गेले की नाही हे मला सांगता येणार नाही, पण मुलगा वर्गाला येत राहिला.

इंग्रज कवी रॉबर्ट सदी यांच्या ‘द इंचकेप रॉक’ या कवितेवरचे दोन रविवार आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांसाठीच जणू ठेवलेले होते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ पाण्याखाली दडलेला खडक, त्यावर जहाजांना सावध करण्यासाठी मठाधिपतीने बांधलेली घंटा, ती घंटा मत्सरापोटी कापून टाकणारा चाचा सर राल्फ आणि पुढे धुक्यात त्याच खडकावर फुटणारे त्याचे जहाज, अशी ही कथाकविता. त्या खडकावर पुढे दीपगृह उभे राहिले आणि १८११ मध्ये त्याचा दिवा लागला, हे सरांनी नकाशा दाखवून सांगितले. मिरकरवाड्याच्या एका मुलाच्या घरची मासेमारीची होडी आहे. त्याने पहिल्या खर्ड्यात गाइडप्रमाणे ‘करावे तसे भरावे’ हाच विषय लिहिला होता. समासात प्रश्न आला : घंटा पहिल्यांदा वाजते कधी? त्याने कविता पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आले की आरंभी समुद्र इतका शांत आहे की घंटा हलतच नाही. घंटा लाटांनी वाजते, म्हणजे वादळातच वाजते. मग त्याने दुसऱ्या खर्ड्यात लिहिले की राल्फ घंटा कापतो तो निवांत, उजळ दिवस आहे, म्हणून तिचे महत्त्व त्याला त्या वेळी कळू शकत नाही, आणि जेव्हा ती ऐकू यायला हवी असते तेव्हा समुद्रावर त्याला काहीच ऐकू येत नाही. घरची मंडळी बोयाविषयी, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेविषयी, कशी बोलतात, हेही त्याने दोन ओळींत आणले होते. मी तो खर्डा वाचला आहे. त्यात आर्टिकलच्या अकरा चुका होत्या, आणि माझ्या वाचनातले त्या कवितेवरचे ते सर्वांत चांगले लिखाण होते.

मुलाखतीसाठी प्रश्न तयार करण्याचा प्रकार लेखनकौशल्यांत येतो. त्यासाठी सरांनी मुलांना खऱ्या माणसांकडे पाठवले. कोणी हापूसच्या बागायतदाराकडे गेले, कोणी तांडेलाकडे, म्हणजे होडीच्या प्रमुखाकडे. माझी मुलगी भाट्याजवळ जाळी दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांशी तासभर मराठीत बोलून आली आणि मग तिने त्यातले दहा प्रश्न इंग्रजीत बसवले. तिचा सातवा प्रश्न असा होता की जाळ्याचे भोक दिसते कसे, पाण्यात की हातात. असा प्रश्न घरी बसून सुचत नाही.

उणिवाही लिहिल्या पाहिजेत. कादंबरीच्या विभागाला परीक्षेत १६ गुण असूनही वर्गात त्याला डिसेंबरमधले जेमतेम तीन रविवार मिळाले. उतारे भराभर वाचले गेले आणि पात्रांविषयी, कथानकाविषयी मुलांना स्वतः लिहायला वेळच उरला नाही. कवितेवर जी मेहनत झाली तिच्या चौथ्या हिश्शाइतकीही कादंबरीवर झाली नाही, आणि याचे समर्थन मला करता येत नाही. दुसरे, सुरुवातीला चौदा मुले होती, दिवाळीनंतर बावीस झाली आणि वह्या परत मिळायला दोन-दोन आठवडे लागू लागले. तीन खर्ड्यांची पद्धत वही वेळेवर परत मिळण्यावर उभी आहे. मूल काय लिहिले ते विसरून गेल्यावर आलेल्या प्रश्नाचा उपयोग कमी होतो. सरांनी मुलांची संख्या मर्यादित ठेवावी, किंवा तपासायला कोणाची तरी मदत घ्यावी, असे मी त्यांना सांगितले आहे. तिसरे, घड्याळ लावून लिहिण्याचा सराव जानेवारीत सुरू झाला, तो निदान नोव्हेंबरात हवा होता. माझ्या मुलीने पूर्वपरीक्षेत रसग्रहण उत्तम लिहिले, चारपैकी साडेतीन गुण मिळवले, आणि शेवटचे चार गुणांचे लेखन वेळ संपल्यामुळे अर्धे सोडले.

वेळेचा प्रश्न गावाकडून येणाऱ्या मुलांना जास्त जाचतो. वर्ग सुटतो साडेसहाला. शहरातली मुले रेंगाळून सरांशी बोलतात, शंका विचारतात, आणि खरे शिक्षण पुष्कळदा त्याच अर्ध्या तासात होते. आमच्याकडची मुले मात्र शेवटची दहा मिनिटे दप्तर मांडीवर घेऊन बसलेली असतात, कारण पावसकडची गाडी गाठायची असते. पावसाळ्यात पडवीच्या पत्र्यावर पावसाची सर कोसळली की काहीही ऐकू येत नाही. त्या वेळी सर वाचन थांबवतात आणि सगळे लिहायला बसतात, त्याची मात्र मला कधी तक्रार वाटली नाही. पाऊस उघडेपर्यंत सगळी मुले मान खाली घालून लिहीत आहेत, हे दृश्य मी माझ्या शाळेत कधी पाहिलेले नाही.

वर्षाची फी सहा हजार रुपये आहे आणि ती दोन हप्त्यांत देता येते. ज्यांना ती झेपत नाही त्यांच्याशी सर वेगळे बोलतात, त्याची वर्गात चर्चा होत नाही. ज्या मुलाला फेब्रुवारीच्या तोंडावर तयार उत्तरांचा संच हवा आहे, त्याने इथे येऊ नये, त्याचा आणि सरांचा दोघांचाही वेळ जाईल. ज्याला इंग्रजीत दोन वाक्ये धड लिहिता येत नाहीत, पण मराठीत भरभरून लिहितो किंवा निदान बोलतो, अशा मुलाला मात्र मी निःशंकपणे पाठवीन, कारण डावा रकाना त्याच्यासाठीच आहे.

नवी तुकडी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. या वर्षापासून गावाकडच्या मुलांसाठी रविवारी सकाळची वेळ ठेवण्याचे सरांनी कबूल केले आहे, आणि संख्या पंधरावर थांबवणार असेही ते म्हणाले. येताना दोनशे पानी आखीव वही आणावी आणि प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ घरूनच मारून आणावी, नाहीतर पहिला अर्धा तास त्यातच जातो.